गाडी कुणाची, सवारी कुणाची?

'येथे सायकली तासावर भाड्याने मिळतील' ही पाटी आजच्या कॉलेजच्या मुलामुलींनी बहुधा पाहिलेली नसेल. आमची पिढी मात्र सायकल शिकली ती याच पाटीच्या भरवशावर. घरात एकच सायकल असायची, ती वडिलांची. उंच दांड्याची, मागे कॅरिअर, पुढे डायनॅमोचा दिवा. तिला हात लावायची सोय नव्हती. मग रविवारी आठ आणे मुठीत धरून सायकलच्या दुकानात जायचे. दुकानदार वहीत नाव आणि वेळ लिहायचा आणि आपल्या उंचीला बेताची अशी एखादी छोटी सायकल काढून द्यायचा. अनामत रक्कम नाही, ओळखपत्र नाही. फक्त एक प्रश्न. निपाणीत तो दोन भाषांत विचारला जाई. 'कुणाची गं तू?' किंवा 'नी यार मगळ?' वडिलांचे नाव सांगितले की झाले. मराठीतले 'भाडे' आणि कन्नडमधले 'बाडिगे' हे शब्द जसे एकाच घरचे, तसाच तो व्यवहारही दोन्ही भाषांत एकच होता. सायकल दुकानदाराची, तासभर सवारी आपली.

गेल्या काही वर्षांत हीच गोष्ट नवे कपडे घालून शहरांत परत आली आहे. दुकानाच्या जागी मोबाइल, वहीच्या जागी अ‍ॅप आणि सायकलच्या जागी विजेवर चालणारी छोटी दुचाकी. या गाड्यांवर बसणारी आपल्या घरातलीच मुले आहेत. सीमाभागातल्या कुठल्याही घरात विचारा, एक मुलगा पुण्याला असतो, एक मुलगी बंगळूरला. त्यांच्या फोनवरच्या बोलण्यात ही गाडी अधूनमधून येते. म्हणून तिच्याविषयी थोडे सविस्तर लिहावे असे वाटले.

पांढऱ्या सायकलींपासून

वाहन सर्वांनी मिळून वापरावे ही कल्पना तशी जुनी आहे. १९६५ साली हॉलंडमधील अ‍ॅमस्टरडॅम शहरात काही बंडखोर तरुणांनी सायकलींना पांढरा रंग दिला आणि त्या रस्त्यावर कुलपाविना ठेवून दिल्या. ज्याला हवी त्याने घ्यावी, काम झाले की सोडावी. पोलिसांनी त्या उचलून नेल्या. सायकलींना कुलूप नाही म्हणजे चोरीला आमंत्रण, असे त्यांचे म्हणणे! पुढे १९९५ मध्ये कोपनहेगनने नाणे टाकून सुटणाऱ्या सायकली आणल्या. २००७ मध्ये पॅरिसने तर शहरभर हजारो सायकली उभ्या केल्या आणि मग जगभर त्याचे अनुकरण सुरू झाले.

आपल्याकडे २०१७ हे वर्ष महत्त्वाचे. त्या वर्षीच्या जूनमध्ये म्हैसूरला 'ट्रिण ट्रिण' नावाची योजना सुरू झाली. साडेचारशे सायकली, शहरभर ठरलेले थांबे, आणि नाव सायकलच्या घंटीचे. कुठल्याही भाषेत समजावे असे! त्याच महिन्यात मध्यप्रदेशात भोपाळलाही पाचशे सायकलींची योजना सुरू झाली. वर्षअखेर पुण्यात विद्यापीठाच्या आवारात आणि औंधमध्ये सायकली आल्या. पाठोपाठ परदेशी कंपन्याही आल्या. पण पुण्याचा उत्साह फार टिकला नाही. मोडतोड, चोऱ्या, जागोजागी टाकून दिलेल्या सायकली, आणि दोनेक वर्षांत बहुतेक कंपन्यांनी गाशा गुंडाळला. हुबळी-धारवाडच्या योजनेला तर 'सवारी' असेच नाव दिले गेले. मराठीला आणि कन्नडला सारखेच आपले वाटणारे हे नाव मला फार आवडले.

मग विजेची गाडी कशाला? तर ऊन, चढ आणि घाम. ऑफिसला इस्त्रीचे कपडे घालून निघालेला माणूस एप्रिल महिन्यात पायडल मारत तीन किलोमीटर जाणार नाही, हे लवकरच लक्षात आले. बंगळूरमध्ये २०१७ साली स्थापन झालेल्या 'युलू' कंपनीने आधी पायडलच्या सायकली आणल्या आणि २०१९ मध्ये विजेवरची छोटी गाडी रस्त्यावर उतरवली. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मुंबईच्या बांद्रा-कुर्ला संकुलात एमएमआरडीएच्या सहकार्याने या गाड्या आल्या. आपल्या पुण्याच्या बजाज ऑटोनेही त्याच वर्षी या कंपनीत पैसे गुंतवले. मुंबईच्या 'बेस्ट'ने २०२२ मध्ये अंधेरीत बसथांब्यांजवळ विजेच्या दुचाकी ठेवून पाहिल्या होत्या.

या गाड्यांमागे कायद्यातली एक तरतूद आहे. ज्या गाडीची मोटर पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्तीची आहे, वजन मर्यादित आहे आणि वेग ताशी २५ किलोमीटरच्या आत आहे, ती केंद्रीय नियमांप्रमाणे 'मोटार वाहन' ठरत नाही. म्हणून तिला नंबरप्लेट नाही आणि चालवणाऱ्याला लायसन्सची गरज नाही. वाचताना ही बाब किरकोळ वाटते. पण या गाडीवर शेवटी कोण बसले, हे याच एका ओळीने ठरवले.

भाचीची गाडी

माझी भाची बेळगावची. बंगळूरला नोकरी करते. मेट्रो स्थानकापासून तिचे ऑफिस अडीच किलोमीटर. चालत जायला लांब, रिक्षाला जवळ. 'मावशी, कन्नड येत असूनही रिक्षावाल्याशी रोज वाद. जवळचं भाडं म्हटलं की तो मान फिरवतो. कन्नड न येणाऱ्या मैत्रिणींचं तर विचारूच नकोस.' आता ती स्थानकाबाहेर उभ्या असलेल्या गाडीवरचा चौकोनी कोड मोबाइलने टिपते, गाडीचे कुलूप उघडते आणि निघते. ऑफिसजवळच्या ठरलेल्या जागी गाडी लावली, अ‍ॅपमध्ये प्रवास संपवला की पैसे आपोआप वजा.

दिवाळीच्या सुटीत मी तिच्याकडे गेले तेव्हा तिने मलाही बसवले. पंचेचाळिशी उलटलेली बाई, ओढणीला गाठ मारून, डोक्यावर भाचीचे हेल्मेट घालून निघाली. आधी वाटले, पाय कुठे ठेवायचे हेच समजणार नाही. पण गाडी बुटकी, पाय जमिनीला टेकतात, एकाच माणसाची बैठक, गिअर नाही, किक नाही. मूठ हलकेच पिळली की चालू लागते. आवाज जवळजवळ नाहीच. त्यामुळे पुढे चालणाऱ्या माणसाला आपण आल्याचे कळत नाही, हे मात्र ध्यानात ठेवावे लागते. झाडांच्या सावलीतल्या गल्लीतून दहा मिनिटे मी फिरले. खूप वर्षांनी असे वाटले की आपल्याला कुणी नेत नाही आहे, आपण जात आहोत.

भाचीला विचारले, यात तुला सर्वांत काय आवडते? वाटले होते, पैसे वाचतात म्हणेल. ती म्हणाली, 'रात्री साडेनऊला मेट्रोतून उतरल्यावर मला कुणाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही.' मुलगी परगावी ठेवलेल्या प्रत्येक आईला या वाक्याचा अर्थ समजेल.

तक्रारीही आहेत तिच्या. सकाळी गाड्या मिळतात, संध्याकाळी पाऊस आला की एकही नसते. कधी ब्रेक सैल, कधी बॅटरी निम्म्यावर. ठरलेल्या जागेबाहेर गाडी सोडता येत नाही आणि ती जागा नेमकी रस्त्याच्या पलीकडे असते. लोकही काही कमी नाहीत. फूटपाथवर आडवी गाडी लावून जातात, मग आजी-आजोबांनी रस्त्यावर उतरून चालायचे. गाडी स्वतःची नसली की माणूस तिला कशीही टाकतो, हा आपला जुना रोग आहे. सार्वजनिक नळाची तोटी आणि एसटीचे सीट यांनी तो कधीच पाहिला आहे.

आपली मुले या गाड्या चालवत असतील तर चार गोष्टी जरूर सांगाव्यात. कायदा मागत नसला तरी हेल्मेट घालावे, डोके कायद्याला विचारून फुटत नाही. निघण्याआधी दोन्ही ब्रेक दाबून पाहावेत. चाके लहान असल्याने खड्डा चुकवायचा, त्यावरून न्यायची नाही. उलट्या दिशेने तर कधीच जायचे नाही. आणि मोबाइल चार्ज असू द्यावा, कारण या गाडीची किल्ली तोच आहे. मध्येच तो बंद पडला तर गाडी असून प्रवास संपवता येत नाही.

आता तिच्यावर कोण बसते?

ही झाली ऑफिसला जाणाऱ्या मुलीची गोष्ट. योजना आखणाऱ्यांच्या डोळ्यांसमोर हाच प्रवासी होता. मेट्रो किंवा लोकलमधून उतरून शेवटचे दोन-तीन किलोमीटर जाणारा. पण बंगळूरच्या त्या आठवड्यात मी रस्त्यावर पाहत होते, तेव्हा अशा गाड्यांवर इस्त्रीचे कपडे कमी आणि पाठीवर चौकोनी पिशव्याच जास्त दिसल्या. किराणा आणि जेवण घरपोच देणारी मुले! कोरोनाच्या काळानंतर घरपोच सेवा वाढली, कंपन्यांनी सामान वाहणाऱ्या मुलांसाठी वेगळ्या गाड्या काढल्या, त्या दिवसाच्या आणि आठवड्याच्या भाड्याने देऊ लागल्या. शेवटच्या दोन किलोमीटरसाठी आलेली गाडी आता दिवसभर धावते.

या मुलांपैकी एक माझा विद्यार्थी आहे. म्हणून इथे थोडे बालाघाटविषयी सांगायला हवे.

नोकरीच्या निमित्ताने मी निपाणीहून इतक्या दूर येऊन पडले त्याला आता बरीच वर्षे झाली. बालाघाट हा वैनगंगेच्या काठचा जिल्हा, एका अंगाला महाराष्ट्राचा गोंदिया, दुसऱ्या अंगाला छत्तीसगड. जंगल, भाताची शेती, भरवेलीचे मँगनीज, मलाजखंडचे तांबे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी जेव्हा आपला बेळगाव जिल्हा म्हैसूर राज्यात गेला, त्याच दिवशी इकडे नागपूर-भंडारा मुंबई राज्यात गेले आणि बालाघाट मध्यप्रदेशात राहिला. त्यामुळे लांजीकडच्या गावांत घरी मराठी किंवा पोवारी, शाळेत हिंदी, असे दोन-तीन भाषांचे संसार आजही चालतात. मला इथे परके वाटले नाही त्याचे हे एक कारण.

या जिल्ह्यातला तरुण भाताची रोवणी आटोपली की कामासाठी बाहेर पडतो. नागपूर, रायपूर, हैदराबाद. २०२० च्या मे महिन्यात टाळेबंदीत हैदराबादकडून निघालेला इथला एक मजूर गरोदर बायकोला आणि लहान मुलीला स्वतः जोडलेल्या लाकडी गाड्यावर बसवून ओढत शेकडो किलोमीटर आला, ते दृश्य अनेकांना आठवत असेल. वाहन नसणे म्हणजे काय, हे त्या दृश्याने सर्वांना दाखवले.

माझा हा विद्यार्थी लांजी तालुक्यातला. बी.ए. झाला, वडिलांची दोन एकर धानाची शेती. आधी हैदराबादला बांधकामावर गेला, मग मित्राने बंगळूरला बोलावले. निघण्याआधी भेटायला आला तेव्हा मी त्याला एका कागदावर देवनागरीत दहा कन्नड वाक्ये लिहून दिली. 'एल्लिद्दीरा?', 'गेट हत्तिर इद्दीनि', 'स्वल्प लेट आय्तु', 'ओटीपी हेळि'. त्याने परीक्षेच्या नोट्सपेक्षा जास्त मन लावून पाठ केली. नंतर फोनवर सांगत होता, 'मॅडम, स्वल्प लेट आय्तु हे वाक्य सर्वांत जास्त कामी येतं.'

त्याच्याकडे गाडी नव्हती, लायसन्स नव्हते, हातात पैसे नव्हते. बंगळूरला पोहोचल्यावर तिसऱ्या दिवशी तो कामावर होता. आधार कार्ड, मोबाइल, थोडी अनामत, आणि विजेची भाड्याची गाडी. वर लिहिलेल्या त्या कायद्याच्या ओळीची किंमत इथे समजते. ज्याच्यापाशी काहीच नाही त्याला ही गाडी दोन दिवसांत कामाला लावते. 'मॅडम, ही नसती तर मी अजून हैदराबादला विटाच उचलत असतो,' असे तो म्हणतो, आणि मला ते खरे वाटते.

पण त्याचा दिवस कसा जातो तेही ऐकण्यासारखे आहे. सकाळी साडेसहाला बाहेर. आधी बॅटरी बदलायच्या ठिकाणी जाऊन भरलेली बॅटरी लावायची. उतरलेली काढून ठेवायची, भरलेली सरकवायची, दोन मिनिटांचे काम. पण रांग असली तर अर्धा तास. मग रात्री दहापर्यंत धावपळ. ताशी पंचवीसच्या गाडीने उड्डाणपुलावर चढायचे म्हणजे मागून येणारी प्रत्येक मोटार हॉर्न मारते. लहान चाकांमुळे रस्त्याचा प्रत्येक खड्डा कमरेपर्यंत पोहोचतो. तेविसाव्या वर्षी तो मला पाठदुखीवर घरगुती उपाय विचारतो! ऑर्डर उशिरा पोहोचली की ग्राहकाचा राग, म्हणून मग उलट्या दिशेने गाडी घालायचा मोह. नंबरप्लेट नसली तरी चौकातला पोलीस अडवतोच. लोक या मुलांना बेशिस्त म्हणतात, आणि ती अनेकदा तशी वागतातही. फक्त दहा मिनिटांत कोथिंबीर हवी असणारे आपणच असतो, हे बोलताना कुणाच्या लक्षात येत नाही.

अर्थशास्त्र शिकवते म्हणून असेल, मी त्याला हिशेब विचारला. गाडीचे भाडे दिवसाला साधारण दोनशे रुपये. म्हणजे महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार. एवढ्या पैशांत एक बरी स्कूटर येते. 'मग तू स्वतःची का घेत नाहीस?' असे मी विचारले. त्याचे उत्तर मला वर्गात सांगावे असे वाटले. 'मॅडम, कर्ज कोण देणार? पगाराची पावती नाही, इथला पत्ता नाही. आणि ही बिघडली तर मी दुसरी घेतो. स्वतःची बिघडली तर माझा दिवस जातो, दुरुस्तीचे पैसे जातात ते वेगळेच.' क्षणभर थांबून म्हणाला, 'पण पाच वर्षं चालवली तरी ही माझी होणार नाही, हेही खरं.'

मागच्या पावसाळ्यात तो पडला. गटाराच्या लोखंडी झाकणावरून चाक घसरले. गुडघा फुटला, चार दिवस खोलीवर पडून होता. त्या चार दिवसांचे काम नाही म्हणून पैसे नाहीत. पण आठवड्याचे भाडे मात्र ठरल्याप्रमाणे कापले गेले. मी इथून त्या भाडे कंपनीला फोन लावून पाहिला. नाव सांगत नाही. सांगून त्याचा गुडघा काही बरा होणार नाही. बोलणारी मुलगी नम्र होती. 'ही बाब तुम्ही काम देणाऱ्या कंपनीकडे मांडा,' म्हणाली. काम देणारे म्हणाले, 'गाडी आमची नाही.' हाताला काम देणारा एक, पायाखाली गाडी देणारा दुसरा, आणि रस्त्यावर पडणारा तिसराच. जुन्या सायकलवाल्याकडून सायकल घेऊन पोरगे पडले तर तोच आधी धावत यायचा. सायकलीची काळजी म्हणून का होईना, पण यायचा!

ही एका मुलाची गोष्ट नाही. नीती आयोगाच्या २०२२ च्या अहवालाने अशा तऱ्हेने कामे करणाऱ्यांची संख्या देशात ७७ लाख मांडली होती आणि २०२९-३० पर्यंत ती २ कोटी ३५ लाखांवर जाईल असा अंदाज दिला होता. राजस्थानने २०२३ मध्ये या कामगारांसाठी कायदा केला. कर्नाटकानेही २०२५ मध्ये केला. प्रत्येक व्यवहारामागे कंपन्यांकडून काही टक्के रक्कम घेऊन कल्याण निधी उभारायचा, असे त्यात आहे. चांगली गोष्ट आहे. पण भाड्याच्या गाडीवरून पडलेल्याची जबाबदारी कुणाची, याचे उत्तर गाडी हाती देतानाच, त्याला समजेल अशा भाषेत, लिहून मिळायला हवे. मोबाइलवरच्या इंग्रजी अटींखाली अंगठा टेकवून घेणे म्हणजे उत्तर नव्हे.

आमच्या गावात

मग वाटते, ही गाडी जर बालाघाटला आली तर? इथे बंगळूरसारखी मेट्रो नाही. पण 'शेवटचे तीन किलोमीटर' इथेही आहेत, आणि ते जास्त महाग आहेत.

आमच्या कॉलेजात वारासिवनीकडून, लांजीकडून, आजूबाजूच्या खेड्यांतून मुली बसने येतात. बस त्यांना स्टँडवर सोडते. पुढे ऑटोचे वीस रुपये जाताना, वीस येताना. रोजचे चाळीस रुपये म्हणजे बसच्या पासाहून जास्त खर्च. त्यामुळे बहुतेक जणी पायी येतात, मे महिन्याच्या परीक्षेला चव्वेचाळीस अंशांच्या उन्हातही. पहिला तास बुडतो तो त्यांचाच, आणि शेवटच्या तासाला घड्याळाकडे बघत बसतात त्याही त्याच. बस चुकली तर घरी काय सांगायचे, हा त्यांचा खरा विषय असतो, माझा नाही.

मध्यप्रदेश सरकार गावाबाहेरच्या शाळेत जाणाऱ्या सहावी आणि नववीच्या मुलांना मोफत सायकली देते. त्या सायकलींनी पुष्कळ मुली शाळेत टिकल्या, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. २०२३ पासून आणखी एक योजना आली. सरकारी शाळेत बारावीला पहिल्या येणाऱ्या विद्यार्थ्याला स्कूटी, हवी तर विजेवरची. पहिल्याच वर्षी राज्यात साडेसात हजारांहून अधिक मुलामुलींना तिचा लाभ मिळाला. म्हणजे बंगळूरमध्ये विजेची गाडी भाड्याने आली आणि आमच्याकडे ती बक्षीस म्हणून.

बक्षिसाला माझा विरोध नाही. शाळेत पहिली आलेली मुलगी स्कूटीवरून गावात शिरते तेव्हा बाकीच्या दहा घरांतल्या मुलींचे शिक्षण वर्षभर पुढे सरकते. पण बक्षीस एकीला मिळते. दुसरी, पाचवी, पंधरावी आलेली मुलगी स्टँडवरून पायीच येते. तिलाही कॉलेज तेवढेच लांब असते.

एकदा वर्गात मी हा विषय काढला. विचारले, तुमच्यापैकी स्कूटी कुणाला मिळाली आहे? एक हात वर झाला. अभ्यासू, मितभाषी मुलगी. पण ती तर रोज बसने येते! विचारले तर म्हणाली, 'गाडी भाऊ नेतो मॅडम. त्याला कामावर जायचं असतं.' वर्ग हसला. तीही हसली. कागदावर गाडी तिची, सवारी भावाची. यात भावाचा दोष काढून उपयोग नाही, त्यालाही कामावर जायला वाहन नाहीच. घरात एकच गाडी आली की ती आधी पुरुषाकडे जाते, हे आपल्या सर्वांच्या घरचे गणित आहे. मराठी घर असो, कन्नड असो की पोवारी.

मग मी त्यांना भाचीच्या गाडीविषयी सांगितले. स्टँडवर वीस गाड्या, कॉलेजच्या फाटकात वीस गाड्या, पाच-दहा रुपयांत पोहोचायचे. मुलींनी लगेच अडचणींची यादीच काढली. मोबाइल घरात एकच असतो आणि तोही वडिलांकडे. पैसे मोबाइलवरून कसे देणार? पंक्चर झाली तर? सुटीच्या दिवशी कोण चोरून नेईल? रस्त्यावरून टोमणे मारणारी मुले असतात, त्यांचे काय? मला वाटते, शहरांतल्या योजना आखणाऱ्यांनी या मुलींपुढे एकदा बसायला हवे. पुण्यात ज्या कारणांनी सायकली गेल्या, ती कारणे या मुलींनी पाच मिनिटांत सांगितली.

उपायही त्यांनीच सुचवला. मोबाइलऐवजी कॉलेजचे ओळखपत्र चालावे. स्टँडवर एक माणूस बसवावा, तो नाव लिहील, हवा पाहील, बॅटरी बदलून ठेवील. गावात सायकल दुरुस्ती करणारे आहेत, त्यांतल्याच कुणाला हे काम द्यावे. माणसाचा पगार नगरपालिका आणि कॉलेज मिळून देऊ शकतील. मुलींसाठी सकाळच्या दोन तासांत गाड्या राखून ठेवाव्यात. अशी योजना चाळीस गाड्यांनी सुरू होऊ शकते, तिला स्मार्ट सिटी लागत नाही. निपाणीसारख्या, चिकोडीसारख्या, गोंदियासारख्या कुठल्याही तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या गावीही ती करून पाहता येईल. बसस्टँड आहे, कॉलेज आहे आणि मध्ये तीन किलोमीटर आहेत, एवढे असले तर पुरे. आम्ही काही प्राध्यापक मिळून असा एक अर्ज तयार करत आहोत. पुढे काय होईल ते होईल.

'पण स्कूटीसारखी ती स्वतःची नसेल,' मी म्हटले. त्यावर तीच मितभाषी मुलगी बोलली. 'म्हणूनच बरं मॅडम. स्वतःची गाडी घरचे मागून घेतात. स्टँडवरची गाडी कोण घेऊन जाणार?'

वर्ग या वेळी हसला नाही. अर्जात मी तिचे हे वाक्य जसेच्या तसे घातले आहे.